१००/९० काढून १३० घालू का? ठाण्याच्या रस्त्यांसाठी मागचा टायर निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पल्सर १५०, सिंगल डिस्क, मागे कंपनीचा १००/९०-१७ ट्यूबलेस. कासारवडवलीहून महापेला रोजचं जाणं-येणं, सकाळी माजिवड्यापर्यंत मागे मिसेस बसलेल्या. पहिला टायर अठ्ठावीस हजार किलोमीटरच्या आसपास गेला आणि आता मधोमध गुळगुळीत झालाय. एक दुकानदार म्हणतो १३०/७० आरामात बसतो, ग्रिप वाढेल. ऑफिसमधला मित्र म्हणतो कडक रबराचा घे, चाळीस हजार काढेल. आता कोणाचं ऐकायचं?

माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. साइज आहे तीच ठेवा, फार तर एक पायरी वर जा. रबर मात्र पावसात रस्ता धरणारं घ्या. टायर जास्त टिकवायचा असेल तर ते काम हवा, चेन आणि ब्रेकवरचा पाय यांनी होतं. त्यासाठी कडक टायर घ्यायची गरज नाही. वागळे इस्टेटमध्ये मी टायर आणि चाकांचंच काम करतो. घोडबंदर आणि कळव्याकडून येणाऱ्या दीडशे सीसीच्या गाड्या रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी साइज. १००/९०-१७ मध्ये १०० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे रुंदीच्या ९० टक्के भिंतीची उंची, म्हणजे ९० मिमी. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. रिम ४३१.८ मिमी, वर-खाली मिळून १८० मिमी रबर, म्हणजे चाकाचा एकूण व्यास साधारण ६१२ मिमी. याच हिशेबाने १३०/७०-१७ येतो ६१४ मिमी. उंचीत फरक जवळजवळ नाही, आणि ‘आरामात बसतो’ हे त्यामुळेच बोललं जातं. चाक फिरतं, मडगार्डला वर लागत नाही, गाडी दुकानातून बाहेर पडते.

अडचण असते ती रुंदीत. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे बसा आणि टायर आणि चेन यांच्यामधल्या फटीत बोट घालून बघा. आजच्या १०० च्या टायरला तिथे जेवढी जागा दिसते, त्यातून १३० घातल्यावर एका बाजूला १५ मिमी जाणार. दुसऱ्या बाजूला चिमट्याजवळही (मागचं चाक धरणारे दोन दांडे) तेवढीच जाणार. उभ्या गाडीवर उरलेली फट पुरेशी वाटते. पण मागे माणूस बसून खड्ड्यात आपटलं की टायर बाजूंनी फुगतो, चेन ढिली असेल तर तीही हलते, आणि चेन रबराला घासायला लागते. अशा गाड्यांच्या टायरच्या चेनकडच्या भिंतीवर गोल फिरलेला काळा, चकचकीत ओरखडा दिसतो. भिंतीचं रबर पातळ असतं, खाली नायलॉनचे दोरे असतात. तिथे घासणं म्हणजे पंक्चर काढून भागेल असं नुकसान नव्हे, तो टायर फेकावाच लागतो.

दुसरी गोष्ट रिमची. रिमच्या आरीवर किंवा आत कुठेतरी ‘१७×एमटी’ आणि पुढे आकडा ओतलेला असतो, तो रिमची रुंदी इंचांत सांगतो. १०० चा टायर साधारण अडीच इंची रिमवर नीट बसतो. १३०/७० ला साडेतीन इंचांच्या आसपासची रिम लागते. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि टायरचा माथा टोकदार होतो. मग सरळ चालताना रस्त्याला लागतो तो मधला पट्टाच, तोही आधीपेक्षा निमुळता. म्हणजे ग्रिपसाठी पैसे मोजायचे आणि सरळ रस्त्यावर, ब्रेक मारताना, ती कमीच मिळवायची. शिवाय मधला पट्टा लवकर घासतो. तुमच्याकडे आत्ता नेमका तोच घासलाय.

रुंद टायरने ग्रिप वाढते हा समज का टिकून आहे, तेही सांगतो. रस्त्याला टेकलेला रबराचा तुकडा किती मोठा, हे मुख्यतः त्यावरचं वजन आणि आतली हवा ठरवते. एकट्याने चालवताना मागच्या चाकावर ११०–१२० किलो येत असतील आणि हवा २८ पीएसआय, म्हणजे जवळपास २ किलो प्रति चौरस सेंटीमीटर असेल, तर टेकलेला भाग ढोबळमानाने ५५ ते ६० चौरस सेंटीमीटर. टायर रुंद केला की तो भाग आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो, एकूण क्षेत्रफळ फारसं बदलत नाही. पाण्यात तर अरुंद टायर पाणी बाजूला सारत रस्त्यापर्यंत पोचायला उलट बरा. केटीएम ड्यूकला १५०/६०-१७ किंवा हंटर ३५० ला १४०/७०-१७ दिलाय तो त्या गाड्यांची ताकद, वजन आणि रुंद रिम बघून. तुमच्या गाडीची ती गरज नाही. टायरचं वाढलेलं वजन मात्र दर सिग्नलला पिकअपमध्ये जाणवेल आणि पेट्रोलमध्येही दिसेल.

पल्सर १५० ट्विन डिस्कला कंपनीच १२०/८०-१७ देते, मग आपल्याला का नको, असं तुम्ही विचाराल. त्या गाडीला मागे ड्रमऐवजी डिस्क आहे, म्हणजे चाकच वेगळं आहे. तुमच्या चाकावर १२०/८० चढवलात तर व्यास ६२४ मिमी होतो, मूळच्यापेक्षा १२ मिमी जास्त. एका फेऱ्यात गाडी साधारण २ टक्के जास्त पुढे जाते, तेवढीच ओढ कमी होते. पातलीपाड्याच्या चढावर मागे माणूस घेऊन निघताना क्लच जास्त सोसतो.

एक पायरी वर जायचंच असेल तर ११०/८०-१७ बघा. व्यास ६०८ मिमी, म्हणजे मूळच्यापेक्षा ४ मिमीच कमी. रुंदी दोन्ही बाजूंना फक्त ५ मिमी वाढते, आणि अडीच इंची रिमवर तो चालतो. फटीत बोट घालून चेनपासून जागा आहे ना, एवढं बघूनच घ्या. ११०/९० घेऊ नका, त्याचा व्यास ६३० मिमी होतो आणि चिखल अडकला की मडगार्डला लागतो.

साइजच्या शेजारी ‘५५पी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ५५ म्हणजे पूर्ण हवेवर २१८ किलोचा भार, पी म्हणजे १५० किमी ताशी वेगाची मर्यादा. गाडी दीडशे किलोच्या आत, तुम्ही दोघं मिळून १४० धरा, त्यातला ६० टक्के भार मागे आला तरी १७५ च्या आसपास. म्हणजे ५५ पुरतो. त्याहून कमी आकड्याचा टायर स्वस्तात कोणी पुढे केला तर घेऊ नका.

आता रबर. माझ्या मते खरा निर्णय इथेच आहे, आणि इथे तुमच्या मित्राचं म्हणणं मी मनापासून खोडतो.

मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत दाण्यांत शिरतं, म्हणून धरतं. तसं शिरता शिरता ते झिजतंही, खोडरबरासारखं. कडक रबर दाण्यांच्या वरवर चालतं, म्हणून जास्त टिकतं. कोरड्या डांबरावर ताशी चाळीसने चालवताना दोघांतला फरक कळतही नाही. तुमच्या रस्त्यावर पावसाळ्यात तो कसा कळतो ते बघा. घोडबंदरवर मेट्रोच्या कामापाशी रस्त्यावर टाकलेले लोखंडी पत्रे, जंक्शनवरचे गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक, पांढरे पट्टे. पुढे कळवा पुलानंतर विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली साचलेलं पाणी आणि त्याखाली न दिसणारी वाळू. मग ठाणे-बेलापूर रस्त्याचं काँक्रीट, त्यावर एमआयडीसीतल्या ट्रक-टँकरमधून सांडलेलं डिझेल. जूनच्या पहिल्या सरीत ते तेल आणि महिन्याभराची धूळ एकत्र वर येते. रस्ता सगळ्यात निसरडा असतो तो त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, मुसळधार पाऊस सुरू झाल्यावर तो जरा धुऊन निघतो. त्या दिवशी रिक्षा अचानक आडवी आली तर कडक टायरचं मागचं चाक ब्रेकला नुसता पाय टेकवताच लॉक होतं आणि गाडीची शेपटी बाहेर येते. मागे मिसेस बसलेल्या असतात, हे तुम्हीच लिहिलंय.

म्हणून आपल्याकडे टायर पावसाळ्यासाठी निवडावा. उरलेले आठ महिने तो आपोआप चांगलाच चालतो.

दुकानात कसं ओळखायचं? नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस यूरोग्रिप यांचे टायर तुमच्या साइजमध्ये सहज मिळतात, आणि मोठ्या कंपन्या टिकाऊपणासाठी वेगळा, ग्रिपसाठी वेगळा टायर काढतात. म्हणून मॉडेल विचारा. दोन मॉडेल शेजारी ठेवून अंगठ्याचं नख मधल्या रबरात दाबा. ज्यावर खूण उमटून हळूहळू भरते ते मऊ, ज्यावर नख सरकतं ते कडक. दोन्ही टायर सावलीत सारखाच वेळ ठेवलेले हवेत, उन्हात तापलेलं कुठलंही रबर मऊच लागतं. मग खाचा बघा. मधोमध सलग, न तुटलेला रुंद पट्टा असलेला टायर सरळ रस्त्यावर जास्त टिकतो. मधून बाजूला जाणाऱ्या तिरक्या खाचा भरपूर असतील तर पाण्याला वाट जास्त मिळते. तुमच्या कामाला मधे छोटा पट्टा आणि त्याला लागून दोन्ही बाजूंना तिरक्या खाचा, असा टायर उत्तम.

सिलिका मिसळलेलं रबर मिळालं तर थोडे पैसे जास्त द्यायला मागेपुढे बघू नका. नुसत्या कार्बन ब्लॅकच्या, म्हणजे काजळीसारखी काळी पूड घातलेल्या रबरापेक्षा ते थंड, ओल्या रस्त्यावर मऊ राहतं आणि त्यासाठी आयुष्य फारसं गमवावं लागत नाही. मिशेलिनने १९९२ मध्ये कारच्या टायरमध्ये ते आणलं, आता दुचाकीच्या टायरमध्येही असतं. कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं असतं, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आयुष्याचं म्हणाल तर आमच्याकडे येणाऱ्या दीडशे सीसीच्या गाड्यांत कडक टायर तीस-पस्तीस हजार जातो, मधल्या मऊपणाचा वीस-पंचवीस, आणि स्पोर्टी गाड्यांसाठी केलेला एकदम मऊ बारा-पंधरा. तुम्ही मधला घ्या. मोठा भाग काँक्रीटवर चालवत असाल तर यातून थोडं कमी धरा, काँक्रीटवरच्या आडव्या रेषा रबर जास्त खातात. रेडियलच्या, म्हणजे आतले दोरे सरळ आडवे असलेल्या टायरच्या मागे लागू नका. एफझीसारख्या गाड्यांना तो मुळात दिलेला असतो. तुमची गाडी, रिम आणि पुढचा टायर सगळं साध्या बायस, म्हणजे तिरक्या दोऱ्यांच्या टायरसाठी जुळवलेलं आहे.

टायर घेताना तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. भिंतीवर ‘डीओटी’ किंवा अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार अंकांचा छोटा लांबट शिक्का असतो. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्षाच्या आतला घ्या. दुकानाबाहेर उन्हात टांगलेला टायर वर्षभराचा असला तरी मी माझ्या गाडीला लावणार नाही, उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने वरचं रबर कडक होऊन बारीक चिरा पडतात. आयएसआयचा शिक्का असलाच पाहिजे, दुचाकीच्या टायरसाठी आयएस १५६२७ हा आकडा त्याच्याजवळ दिसतो. बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तो बिलात तसाच लागलाय ना तेही बघा. जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला माल किंवा गुळगुळीत टायरवर गरम पात्याने खाचा कोरून देणं, हे दोन्ही दुचाकीला अजिबात नको. खाच खोल कोरली की खालच्या दोऱ्यांवर रबरच उरत नाही.

आता टिकण्याबद्दल. तुमचा टायर फक्त मधोमध गेलाय, कडांना नक्षी शाबूत आहे. सरळ हायवेवर चालणाऱ्या गाडीचं हे नेहमीचं लक्षण, पण हवा जास्त ठेवली तर ते लवकर येतं. पल्सर १५० ला मागे एकट्याने २८ आणि डबलसीटला ३२ पीएसआय, पुढे २५. हे आकडे टायर थंड असतानाचे. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याने ‘चाळीस टाकतो, कडक राहील’ म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा. तुमची पाळी रोज बदलते, माजिवड्यापर्यंत दोघं, पुढे एकटे. तेव्हा ३० ते ३२ ठेवा आणि दर आठवड्याला सकाळी घराजवळच तपासा. हवा कमी ठेवण्याचं नुकसान आणखी वाईट. भिंत सतत मुडपते, तापते, आणि गायमुख घाटासारख्या ठिकाणी खड्ड्याच्या कडेवर रिमच आपटते. नायट्रोजन फुकट मिळत असेल तर भरा, त्यासाठी पैसे देऊ नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायरवर तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीच्या दातांसारखं लागत असेल, तर झटक्यात रेस आणि ब्रेक देण्याची सवय आहे असं समजा. एखाद्याच जागी चपटा डाग असेल तर कधीतरी मागचा ब्रेक दाबून चाक लॉक करत घसटत नेलंय. मागच्या ब्रेकवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांचे टायर असेच जातात. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत वापरलात तर टायरही टिकतो आणि गाडी लवकरही थांबते.

कधी बदलायचा यावर माझा हट्ट आहे. खाचांच्या तळाशी आडवी छोटी उंच पट्टी असते, भिंतीवर ‘टीडब्ल्यूआय’ (झीज दाखवणारी खूण) किंवा त्रिकोण लिहिलेल्या जागेच्या सरळ रेषेत. दुचाकीत ती ०.८ मिमीची. नक्षी तिच्यापर्यंत आली की टायर संपला. पण मे महिन्यात खाच २ मिमीच्या खाली असेल तर मी तेव्हाच बदलायला सांगतो. पट्टीपर्यंत वापरायचं ठरवलं तर शेवटचे काही हजार किलोमीटर नेमके पावसात निघतात. आत्ता तुमचा तर मधे गुळगुळीतच आहे, तेव्हा या आठवड्यातच बदला.

मागचा घेताना पुढचाही बघा. मागचं चाक घसरलं तर सावरायला थोडा वाव असतो, पुढचं घसरलं की गाडी खालीच जाते. पुढच्या टायरवर नक्षी दिसत असली तरी तो पाच वर्षांहून जुना असेल, भिंतीवर चिरा असतील, तर सगळं बजेट मागच्या महागड्या टायरवर घालू नका. दोन्ही मध्यम दर्जाचे नवे घ्या.

बसवताना समोर उभे राहा. बाणाची दिशा चाक फिरण्याच्या दिशेने हवी. टायरवर रंगीत ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ यावा, आणि व्हॉल्व्ह नवाच टाकायला सांगा, जुन्याच्या बुडाला चीर पडली की ट्यूबलेस गपचूप हवा सोडतो. कडेला साबणाचं पाणी लावतात, तेल लावू देऊ नका. अलॉयवर पट्टीने जोर देताना मधे प्लॅस्टिकचे तुकडे घालायला सांगा. हवा भरल्यावर रिमच्या कडेजवळ टायरवर एक बारीक गोल रेघ दिसते, ती चहूबाजूंनी सारख्या अंतरावर असली पाहिजे. एका जागी आत गेली असेल तर हवा काढून पुन्हा बसवायला लावा, नाहीतर चाक चालताना उड्या मारेल.

चाक बाहेर आलंच आहे तर ब्रेकशू, बेअरिंग आणि हबमधले रबर बघून घ्या. हे रबर पिचले असतील तर गिअर टाकताना मागून झटका लागतो आणि चेन-टायर दोघांचंही आयुष्य कमी होतं. परत बसवताना चिमट्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत. एका बाजूला एक घर जरी पुढे-मागे राहिलं तरी चाक तिरकं चालतं आणि टायर एकाच अंगाने झिजतो.

नव्या टायरच्या वरच्या थरावर कारखान्यातला गुळगुळीतपणा असतो. पहिले दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक, वळणावर झुकणं आणि ओल्या पत्र्यांवर रेस टाळा. आठवड्याने एकदा परत या, चेनचा ढिलेपणा आणि एक्सलचा नट तपासून घेऊ.